मधलं पद फोडत बसायचं कशाला?

खानापूरचा शिकवणीवाला
मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या पोरांना शिकवतो. काल ६क्ष² + ७क्ष − २० चे अवयव पाडायला दिले. मधलं ७क्ष फोडायला गुणाकार −१२० (६ गुणिले −२०) आणि बेरीज ७ येईल अशी जोडी हवी. एक पोरगं १२-१०, २०-६, २४-५ करत पानभर खाडाखोड करून बसलं. १५ आणि −८ काही सापडेना. अक्ष² + बक्ष + क = ० चं सूत्र, क्ष = (−ब ± √(ब² − ४अक)) / २अ, प्रत्येक वर्गसमीकरणाला चालतं. मग ही अंदाजबाजी बंदच करा की!

निवृत्त मास्तर, शहापूर
सूत्रानं क्षची किंमत मिळते. पण (क्ष² − ९) भागिले (क्ष − ३) दिलं तर? तिथं समीकरणच नाही, किंमत कशाची काढणार? वर (क्ष + ३)(क्ष − ३) दिसायला पाहिजे, मग खालचं कटून क्ष + ३ उरतं (क्ष ३ नसेल तर, हे पोरं हमखास विसरतात). पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स घेतलं की लिमिटमध्ये हेच लागतं. आणि सूत्र येतं वर्ग पूर्ण करण्यातून. दोन्ही बाजूंना ४अ नं गुणायची ती रीत श्रीधराचार्यांची, भास्कराचार्यांनी त्यांचं नाव घेऊन दिलीय. तेवढं तरी सांगता का पोरांना?

निपाणीकर
रोग पाढ्यांत आहे ओ. पंधरा आठे विसासे तोंडात असतं तर पान भरलं नसतं.

एक आई, टिळकवाडी
माझ्या लेकीला अवयव झकास यायचे. पीयूसीत सर म्हणाले ‘फॅक्टराइज करा’, ही गप्प. घरी येऊन म्हणते, आई, ते आपलं अवयवच की गं! शेजारची कन्नड शाळेतली त्यालाच ‘अपवर्तन’ म्हणते. रीतीवरून खुशाल भांडा, पण शब्द आधीच कानावर घाला.

खानापूरचा शिकवणीवाला
ताई, पटलं. सोमवारपासून फळ्यावर दोन्ही शब्द. मास्तर, अपूर्णांकाचंही मान्य. पण जोडी चाचपडत का शोधायची? आधी विवेचक, म्हणजे सूत्रातलं वर्गमुळाखालचं ब² − ४अक, काढा: ४९ + ४८० = ५२९, म्हणजे २३ चा वर्ग. पूर्ण वर्ग आला, म्हणजे जोडी नक्की आहे. ७ आणि २३ मिळून ३०, निम्मे १५. ७ मधून २३ गेले −१६, निम्मे −८. झालं: (३क्ष − ४)(२क्ष + ५). क्ष² + ५क्ष + ३ ला विवेचक १३, तिथं पूर्णांकात जोडी नाहीच, पोरगं रात्रभर शोधेल.

निवृत्त मास्तर, शहापूर
म्हणजे शेवटी मधलं पदच फोडलंत की हो!

निपाणीकर
आणि ५२९ हा २३ चा वर्ग, हे पाढ्याशिवाय कसं कळलं?