पेटीत पडून राहिलेलं ग्लो इंजिन जाम: एरंडेल की बेअरिंग?

पंखा४६:
मॉडेल विमानाचं ०.४६ घनइंचाचं टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (मेथॅनॉलवर चालणारं), एबीसी (ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेला पितळी लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी), दोन बेअरिंगचं. इंधनात एरंडेल होतं. दोन वर्षं पेटीत पडून होतं, आता पंखा तसूभरही हलत नाही. पाना लावून जोर द्यावा का? आणि बेअरिंग गेलंय हे न उघडता कळेल का?

सुईकाटा:
जोर अजिबात देऊ नका. सुकलेलं एरंडेल गोंदासारखं धरतं. पिस्टन चिकटलेला असताना क्रँकचा दांडा फिरवला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी ग्लो प्लग (हेडमधला तापणाऱ्या तारेचा प्लग) काढा. प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून पातळ मशीन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. मग हीट गनने सिलिंडर आणि क्रँककेस तापवा, प्लास्टिकचे भाग आणि कार्ब्युरेटर वाचवून. एरंडेल उष्णतेने सैल पडतं. पंखा धरून मागे-पुढे हलकं हलवत राहा, पूर्ण फेरी मारायची घाई नको.

सुटल्यावर पिस्टन अगदी वर येताना अडतो, ते बिघाड समजू नका. एबीसीमध्ये लायनर वरच्या बाजूला निमुळता असतो. इंजिन तापलं की पितळी लायनर ॲल्युमिनियमच्या पिस्टनपेक्षा जरा जास्त मोकळा होतो, म्हणून थंडपणी तिथे घट्ट लागणं बरोबर आहे. उलट थंड असताना तिथे काहीच पकड लागत नसेल, तर पिस्टन-लायनर झिजलेत.

बेअरिंग तपासायचं तर प्लग काढलेलाच ठेवा आणि पंखा सावकाश फिरवा. खरखर बोटांना जाणवली, की मागचं बेअरिंग गंजलंय. मेथॅनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि इंजिन न सुकवता ठेवलं की तो मागच्या बेअरिंगमध्येच साचतो.

घनइंच:
खरखर असेल तर बेअरिंग बदलाच. गंजाचे कण पिस्टन आणि लायनर खरवडतात, हे नुकसान बेअरिंगपेक्षा महाग पडतं.

कार्ब्युरेटर, हेड, मागची प्लेट, लायनर, मग रॉड क्रँकपिनवरून सरकवून पिस्टन, या क्रमाने काढा. रॉड आणि पिस्टनची कोणती बाजू पुढे होती ती खूण करा. लायनर निघत नसेल तर केस तापवा. एक्झॉस्टच्या खिडकीतून पेचकस घालून ढकलू नका, पिस्टनच्या कडेला ओरखडा पडला की कॉम्प्रेशन गेलं. पंख्यामागची चकती काढा आणि दांडा मागच्या बाजूला बाहेर काढा. मग रिकामी केस ओव्हनमध्ये साधारण १५० अंशांवर १५-२० मिनिटं ठेवा. जाड हातमोजे घालून लाकडावर आपटली की मागचं बेअरिंग आपोआप गळून पडतं. नवं बेअरिंग बसवण्याआधी तासभर फ्रीझरमध्ये, आणि केस पुन्हा गरम. सरळ बसलं तर हातोडीची गरज पडत नाही.

बेअरिंगचा नंबर कड्यावर कोरलेला असतो. मागचं घेताना रबरी सील नसलेलं घ्या, त्याला तेल इंधनातूनच मिळतं. शक्य असेल तर सी-३ क्लिअरन्सचं (आत नेहमीपेक्षा जरा जास्त मोकळीक असलेलं). आत उरलेलं एरंडेल काढायला कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन क्लीनर नको, दोन्ही ॲल्युमिनियम खातात. हेडचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे-थोडे आवळा.

पंखा४६:
बेअरिंग बदललं, धन्यवाद. पण आता थ्रॉटल खाली आणला तरी वेग लगेच उतरत नाही, चढाच राहतो.

सुईकाटा:
बहुधा हवा गळतेय. मागच्या प्लेटची गॅस्केट आणि कार्ब्युरेटरखालची ओ-रिंग बघा. दोन्ही ठीक असतील तर लो सुई (कमी वेगाचं इंधन ठरवणारी) लीन आहे, म्हणजे इंधन कमी पडतंय. आयडलवर (सर्वात कमी वेगावर) इंधनाची नळी चिमटीत धरा: लगेच बंद पडलं तर लीन, बराच वेळ वेग वाढत राहून बंद पडलं तर रिच, म्हणजे इंधन जास्त. सुई एका वेळी फेरीच्या आठव्या भागाइतकीच फिरवा, आणि हे करताना हात पंख्याच्या मागूनच न्या. हाय सुई (पूर्ण वेगाचं इंधन ठरवणारी) मात्र सर्वोच्च वेगापासून २००-३०० आरपीएम रिच ठेवा, कारण विमान नाक वर करून चढतं तेव्हा मिश्रण लीन होतं.

घनइंच:
दिवस संपला की टाकीची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग कार्ब्युरेटरात आणि प्लगच्या भोकात तेलाचे ४-५ थेंब टाकून पंखा फिरवा. डब्ल्यूडी-४० वर विसंबू नका. पाणी हटवतं, पण त्याचा थर पातळ असतो, लांब मुदतीला टिकत नाही.