मदत हवी आहे: हृदयाचे ठोके मोजायला छातीचा पट्टा घेऊ की दंडावरचा?

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. सकाळी बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळतो, रविवारी येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ. स्मार्ट घड्याळ सपाटीवर ठोके ठीक दाखवतंय पण चढावर पळायला लागलो की आकडा १७० वर जाऊन तिथंच चिकटतो, आणि लगेच थांबून गळ्याची नाडी १५ सेकंद मोजून चौपट केली तर १४० च्या आसपासच येते. म्हणजे ते ठोक्यांऐवजी पावलंच मोजतंय, माझी पावलं मिनिटाला साधारण तेवढीच पडतात. घड्याळ घट्ट बांधलं, मनगटाच्या हाडाच्या वर सरकवलं, मागचा सेन्सर पुसला, अपडेट केलं, काही फरक नाही. डॉक्टरांकडं ईसीजी झालाय, नॉर्मल आहे.

बजेट सात हजारपर्यंत, फोन अँड्रॉइड. पोलर एच९ हा छातीचा पट्टा बघून ठेवलाय, सेल आपल्यालाच बदलता येतो आणि हृदयाचे विजेचे सिग्नल पकडत असल्यानं पावलांचा घोळ होणार नाही. पण छातीला घट्ट पट्टा मला नको वाटतो, आणि दंडावरचा परत घड्याळासारखा प्रकाशावरच चालणार, हीच खरी अडचण आहे. आपल्याकडं जूनपासून पाऊस कसा लागतो माहितीच आहे, मी तेव्हाही पळतो.

तर दंडावरचा वापरणाऱ्यांनी सांगा, चढावर पळताना आकडा बरोबर येतो का? आणि छातीचा पट्टा आपल्या पावसाळ्यात रोज भिजून किती टिकतो?