आवाज चढला की थिजायला होतं: लहानपणचे ट्रिगर मोठेपणी कसे हाताळायचे?

रानजाई

लहानपणी घरात आरडाओरडा, अधूनमधून मार आणि त्यानंतर आठ-आठ दिवस अबोला असं वातावरण असलं, की मोठेपणी काही ठराविक गोष्टींनी (यांनाच ट्रिगर म्हणतात) शरीर एकदम त्या काळात जाऊन पोचतं. स्वयंपाकघरात भांडं आदळलं, जिन्यात जड पावलं वाजली, साहेबांचा 'जरा आत ये' एवढाच मेसेज आला, की हात गार पडतात, घसा दाटतो, डोकं बधिर होतं. समोर धोका नाही हे कळत असतं, तरीही. आणि मग दिवसभर स्वतःचीच चीड येत राहते.

तीन गोष्टींबद्दल नेमकं हवं आहे. एक, त्या क्षणी काय करायचं? 'दीर्घ श्वास घ्या' हे सगळीकडे वाचलं, पण त्याने कधी कधी जास्तच गरगरतं. दोन, नवरा कामाच्या ताणाने नुसता गप्प असला तरी तो अबोलाच वाटतो आणि 'काय झालं, माझं काही चुकलं का' असं विचारत मागे लागणं थांबत नाही. तीन, गणपतीत पाच दिवस माहेरी राहायचं असतं आणि ज्यांच्यामुळे हे सगळं, ते वडील तिथेच असतात.

'झालं गेलं विसरून जा' हा सल्ला कृपया नको.

चिंचबन

गरगरण्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे बरेच जण फसतात. 'दीर्घ श्वास' म्हटलं की माणूस छाती भरभरून, भराभर हवा ओढायला लागतो. घाबरलेल्या शरीराचा श्वास आधीच वाढलेला असतो. त्यात ही भर पडली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो आणि चक्कर, ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं सुरू होतं. मग त्याचीच भीती वाटते.

म्हणून सुरुवात श्वास सोडण्यापासून करायची. आत आहे ती हवा हळू बाहेर जाऊ द्या. मग नाकाने नेहमीइतकाच श्वास, चार अंक मोजेपर्यंत. सोडताना सहा अंक, ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालतो तसा. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. तीन ते पाच मिनिटं पुरतात. मात्र हे शांत असताना रोज दोनदा घोटलेलं नसेल, तर ऐन वेळी आठवतसुद्धा नाही. पहिले काही आठवडे फक्त सरावाचे धरा.

तरीही तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं शरीर बहुतेक *थिजतं*, आणि तिथे श्वास हा पहिला उपाय नव्हे. धोका वाटला की शरीर चारपैकी काहीतरी करतं: लढतं, पळतं, थिजतं किंवा पड खातं (समोरच्याला खूश करत सुटतं, उगाच सॉरी म्हणतं). ज्या मुलाला लढता येत नाही, पळता येत नाही, त्याच्याकडे शेवटचे दोनच पर्याय उरतात. थिजलेल्या माणसाला शांत बसवलं तर तो आणखी आत जातो. त्याला आधी हलवावं लागतं. दोन्ही तळहातांनी भिंत ढकला, पूर्ण जोर लावून दहा सेकंद, मग सोडा. असं चार-पाच वेळा. टाचा जमिनीत रुतवा. मान सावकाश फिरवून खोलीचं दार कुठे आहे ते खरोखर बघा. मग पुटपुटत का होईना, पण तोंडाने म्हणा: आज अमुक तारीख, मी इतक्या वर्षांची, मी माझ्या घरात आहे, इथून मी हवं तेव्हा बाहेर जाऊ शकते. मुलाला हे शेवटचं शक्य नव्हतं, म्हणून ते वाक्य महत्त्वाचं.

डोळे मिटू नका. मिटलेल्या डोळ्यांपुढे जुनं जास्त जोरात येतं. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, तीन आवाज, दोन वास, एक चव हा क्रम अनेकांना माहीत असतो, पण नुसती नावं घेऊन उपयोग होत नाही. 'खुर्ची' असं नाही, तर 'खुर्ची, डाव्या हातावरचं पॉलिश उडालंय' इतक्या बारकाईने पाहायचं.

घबराट फारच वाढली तर गार पाणी. श्वास रोखून चेहरा, विशेषतः डोळ्यांखालचा आणि गालांचा भाग, गार पाण्याच्या भांड्यात १५ ते ३० सेकंद. बर्फाचं पाणी नको. चेहऱ्याला गारवा लागला आणि श्वास रोखला की ठोके आपोआप मंदावतात. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनहान यांच्या डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) या तीव्र भावना हाताळायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीत हे शिकवतात. हृदयाचा आजार, ठोके मंद करणारी औषधं किंवा खाण्यापिण्याचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

'जरा आत ये' साठी वेगळं. लगेच उठू नका. 'कशाबद्दल बोलायचंय? त्याचे कागद घेऊन येते' असं उत्तर पाठवा. विषय कळला की अर्धी भीती तिथेच उतरते, आणि तोंड धुवायला दोन मिनिटं मिळतात. आत जाताना वही-पेन हातात ठेवा. हातांना काम असलं की थरथर दबते, आणि लिहून घेताना सतत नजरेला नजर द्यावी लागत नाही.

पारिजातक_सोलापूर

चिंचबन यांना +१. दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते.

अबोला ही आपल्याकडची फार सोवळी मानलेली शिक्षा आहे. 'आम्ही कधी हात नाही उगारला' असं अभिमानाने सांगणाऱ्या घरांतही ती असते. मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपलं काहीतरी चुकलंय, काय ते सांगणार नाहीत आणि संपणार कधी तेही माहीत नाही. शेवटचं सगळ्यात जाचक. म्हणून नवऱ्याशी करार करायचा तो वेळेचा. दोघं शांत असताना, रविवारी दुपारी वगैरे, त्यांना सांगा की गप्प बसायला हरकत नाही, पण गप्प होताना एक वाक्य हवं: 'कामाचा ताण आहे, तुझ्यावर राग नाही, नऊ वाजता बोलू.' तीन तुकडे: कारण, राग नसल्याची खात्री, वेळ. आणि नऊला त्यांनी खरंच यायचं, बोलायला काही नसलं तरी. दोनदा वेळ चुकली तर हा करार मोडीत निघतो.

तुमच्या बाजूचा करार: विचारायचं ते एकदाच. 'माझं काही चुकलं का' ला 'नाही गं' असं उत्तर मिळालं की क्षणभर बरं वाटतं आणि वीस मिनिटांत पुन्हा खात्री हवी होते, कारण ती भीती नवऱ्याबद्दलची नसतेच. प्रत्येक वेळी विचारून ती शमवली तर न विचारताही ती ओसरते हे शरीराला कधी कळत नाही. म्हणून ताणत न्या. पहिल्या आठवड्यात दुसऱ्यांदा विचारावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबा, घड्याळ लावून. पुढच्या आठवड्यात वीस, मग चाळीस. त्या वेळात भांडी घासा, चालून या. फोनवर त्याचं 'लास्ट सीन' बघणं हे विचारण्यातच जमा, ते मोजा.

भांडण पेटलंच तर जॉन गॉटमन या विवाह-संशोधकांचा नियम पाळा: नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की बोलणं थांबवायचं आणि निदान वीस मिनिटांनी परत यायचं. एवढ्या ठोक्यांवर कोणी कोणाचं ऐकून घेत नाही. परत यायची वेळ न सांगता खोलीतून निघून गेलात तर तोही अबोलाच होतो, हे दोघांनी लक्षात ठेवायचं. आणि त्या वीस मिनिटांत मनातल्या मनात भांडण चालू ठेवलं तर नाडी खाली येत नाही.

एक वही करा. ट्रिगर ओसरल्यावर पाच ओळी, जास्त नकोत: काय घडलं (आवाज, वास, शब्द, चेहऱ्यावरचा भाव, जे असेल ते), शरीरात कुठे जाणवलं, ० ते १० मध्ये किती, काय केलं, आणि परत यायला किती मिनिटं लागली. तीनेक आठवड्यांत नमुना दिसायला लागतो. पुष्कळदा ट्रिगर माणूस नसतोच, संध्याकाळी सात ते नऊची वेळ असते, किंवा कमी झोप अधिक उपाशी पोट. शेवटचा आकडा सर्वांत कामाचा. ट्रिगर येणं बंद होणं हे ध्येय ठेवलं तर दर वेळी हरल्यासारखं वाटेल. दोन तासांचे चाळीस मिनिटं झाले, ही प्रगती आहे.

वही झोपण्यापूर्वी लिहू नका. आणि जुन्या घटना सविस्तर लिहायच्या असतील तर १५-२० मिनिटांची मर्यादा घाला. लिहिल्यानंतर पुढचे काही दिवस झोप उडत असेल तर ते लिखाण थेरपिस्टसोबत करायचं आहे, एकटीने नाही.

वेसण

माहेरचं. पाच दिवस राहायचं हे कोणी ठरवलं, तिथून सुरुवात करा. प्राणप्रतिष्ठेला एक रात्र आणि विसर्जनाला एक दुपार, हेही येणंच असतं. परतीचं तिकीट आधी काढा आणि निघायची वेळ पोचल्या पोचल्या सांगा, निघताना नाही. जमलं तर मुक्काम मावशीकडे किंवा चुलत भावंडांकडे ठेवा.

मर्यादा घालणं म्हणजे वडिलांनी कसं वागावं ते सांगणं नव्हे. ते वागणार तसंच वागतील. मर्यादा म्हणजे *मी* काय करणार. 'बाबा, या आवाजात मला बोलता येणार नाही. मी खाली चक्कर मारून येते, मग बोलू.' आणि खरोखर उठायचं. पहिल्यांदा हे म्हटलं की आवाज कमी होत नाही, वाढतो. 'शहाणी झालीस', 'सासरी हेच शिकवलं का' येतं. इथेच बहुतेक जण खचतात आणि खुलासा द्यायला बसतात. खुलासा द्यायचा नाही. तेच वाक्य त्याच स्वरात पुन्हा. वाक्य घरून पाठ करून जा, जोडीदारासमोर मोठ्याने आठ-दहा वेळा म्हणून, कारण थिजलेल्या मेंदूला नवीन वाक्य जुळवता येत नाही.

सणात जुना हिशेब काढू नका. पंचवीस माणसांसमोर काढलेला विषय कायम 'हिने आरतीच्या वेळी तमाशा केला' असाच लक्षात राहतो, मूळ मुद्दा बाजूला पडतो. बोलायचंच असेल तर वेगळा दिवस, एकच माणूस, एकच प्रसंग, आणि त्यांनी कबूल केलं नाही तरी चालेल अशी मनाची तयारी झाल्यावर.

तुमची मुलं सोबत असतील तर त्यांच्या बाबतीत भीडभाड नको. आजोबांनी हात उगारला की त्या क्षणी मुलाला उचलून बाहेर. त्यावर चर्चा नंतर, किंवा मुळीच नाही.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी ठेवा. तिथे सावरून धरलेलं बऱ्याचदा घरी आल्यावर उसळतं आणि निघतं ते नवऱ्यावर किंवा मुलांवर.

रानजाई

मनापासून धन्यवाद, प्रिंट काढून ठेवते आहे. दोन उपप्रश्न. नेटवर बालपणीच्या त्रासांची दहा प्रश्नांची चाचणी आहे, त्यात सहा गुण आले आणि धडकी भरली. आणि घरच्यांचं म्हणणं, डॉक्टर कशाला, इगतपुरीला दहा दिवस विपश्यना कर. काय करावं?

चिंचबन

ती चाचणी अमेरिकेतल्या ज्या अभ्यासावरून आली (कैसर पर्मनंटे ही आरोग्यसेवा संस्था आणि सीडीसी ही तिथली सरकारी आरोग्य यंत्रणा, पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध), त्यात एकूण १७ हजारांहून जास्त माणसं होती. अशा अभ्यासातून मोठ्या समूहातला धोका कळतो. तुमचं पुढे काय होणार हे त्या सहावरून सांगता येत नाही. त्या अभ्यासाच्या प्रमुखांपैकी रॉबर्ट आंडा यांनीच २०२० मध्ये लिहिलंय की हा आकडा एकेका व्यक्तीचं निदान करायला वापरू नये. त्रास किती वेळा झाला, कोणत्या वयात, आणि तेव्हा मायेची आजी किंवा एखाद्या बाई शाळेत होत्या का, हे त्यात मोजलेलंच नाही. धडकी सोडून द्या.

विपश्यना अनेकांना लाभते, त्याबद्दल आदर आहे. पण दहा दिवस मौन, डोळे मिटून तासन् तास शरीराच्या संवेदनांकडे पाहणं, हे ज्याच्या शरीरात जुनी भीती दबलेली आहे त्याला झेपेलच असं नाही. ती भीती वर येते आणि दहा दिवस आधाराला ओळखीचं माणूस नसतं. आधी उपचार, मग त्या उपचार करणाऱ्याला विचारून. अर्जात मानसिक आरोग्याबद्दल विचारतात, तिथे खरं लिहा.

पारिजातक_सोलापूर

डॉक्टरांबद्दल. पीटीएसडी म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास. त्यातलं 'कॉम्प्लेक्स पीटीएसडी' हे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत आहे, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. जुन्या प्रसंगांचा पुनःप्रत्यय, टाळाटाळ, सतत सावधपणा या तिन्हींसोबत भावना आवरणं कठीण जाणं, स्वतःला कमी लेखणं आणि नाती टिकवणं अवघड होणं, असं एकत्र असेल आणि रोजचं जगणं अडत असेल तर त्याचा विचार होतो. ट्रिगर आहेत म्हणजे हा आजार आहेच असं नाही. निदान माणूस समोर बसवून करायचं असतं.

औषध लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे एमडी किंवा डीएनबी झालेले डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) नोंदणी असते, तो क्रमांक बिनधास्त विचारा. 'समुपदेशक' अशी पाटी मात्र पंधरा दिवसांचा कोर्स करूनही लावलेली सापडते. पहिल्याच भेटीत तीन प्रश्न: बालपणीच्या आघातांवर कोणत्या पद्धतीने काम करता, प्रत्यक्ष आठवणींना हात घालण्याआधी सावरायची तंत्रं किती सत्रं शिकवता, आणि दोन सत्रांच्या मध्ये त्रास झाला तर काय करायचं? पीटीएसडीसाठी आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठराविक हालचाली करत आठवणींवर काम करणारी थेरपी) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये केली आहे. पहिल्याच दिवशी 'सगळं सांगून मोकळ्या व्हा' म्हणणारा किंवा 'आईवडिलांना माफ करा' पासून सुरू करणारा असेल तर दुसरा शोधा. झोपेच्या किंवा 'टेन्शनच्या' गोळ्या मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका, त्यांची सवय लागते.

परवडण्याचा प्रश्न असेल तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहे. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मनोरुग्ण संस्था. नावाला बिचकू नका, रोज शेकडो माणसं तिथून औषध आणि सल्ला घेऊन घरी जातात. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मराठीतून काम करते आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. मरणाचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येत असतील तर वही-श्वास बाजूला ठेवून आधी तोच लावा आणि घरातल्या एका माणसाला सांगा.

मेडिक्लेम असेल तर पॉलिसी काढून बघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायचं आहे. बाह्यरुग्ण सत्रांचा खर्च मात्र पुष्कळ पॉलिसींत धरलेला नसतो, त्यामुळे 'ओपीडी' हा शब्द कुठे आहे ते आधी शोधा.