कृत्रिम भाषांच्या कट्ट्यावर काय घ्यायचं, काय नाही?

पारसिक_टेकडी
नमस्कार मंडळी. ठाण्यात तलावपाळीजवळ दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कृत्रिम, म्हणजे कुणीतरी मुद्दाम रचलेल्या भाषांचा कट्टा भरतो. वेळ दोन तास. पुढच्या बैठकांसाठी आलेले विषय: एस्पेरांतो जगभाषा व्हावी का, 'च'ची भाषा, महानुभावांची सकळ लिपी, सावरकरांचे प्रतिशब्द, मोडी आणि एकाने स्वतः रचलेली भाषा. 'सगळं भाषेबद्दलच तर आहे' म्हणून सगळं घेतलं, तर भाषा रचणाऱ्यालाच वेळ उरत नाही. कात्री कुठे लावायची?

कळवा_पूर्व
भाषेच्या नावावरून ठरवू नका, तिच्याबद्दल काय विचारलंय ते बघा. एस्पेरांतोचंच घ्या. 'ला क्नाबो मानजास पानोन' म्हणजे मुलगा पाव खातो. 'पानो'ला कर्माचा -न लागला, म्हणून 'पानोन मानजास ला क्नाबो' म्हटलं तरी खाणारा मुलगाच. एस्पेरांतो रचणाऱ्या झामेनहॉफने १८८७ साली हा -न सक्तीचा ठेवला. एस्पेरांतोच सुधारून १९०७ साली काढलेल्या ईदो भाषेत तो कर्म कर्त्याच्या आधी आलं तरच लागतो. यात कुणी काय कमावलं, काय गमावलं, यावर खुशाल तासभर बोला. पण 'जगाने कुठली शिकावी' हा प्रश्न दारातच थांबवा. त्याला उत्तर नाही, बोलणाऱ्यांचा आवाज मात्र चढतो.

'च'ची भाषा: 'मला पाणी दे'चं 'चलाम चणीपा चदे'. अक्षरं फिरली, पण व्याकरण मराठीच. सकळ लिपीही तशीच. ठरलेल्या अक्षराऐवजी ठरलेली खूण, उलगडली की खाली मराठी. दोन्ही मराठीचीच सांकेतिक रूपं. नव्या मंडळींना फरक कळावा म्हणून दहा मिनिटं द्या, बैठक देऊ नका.

सेक्टर_सतरा
वर म्हटलंय ते पटलं, पण खरी कात्री त्या शेवटच्या विषयाला लागते. स्वतः रचलेली म्हणून आणलेली भाषा पुष्कळदा मराठीच असते, फक्त शब्द बदललेले. याला रीलेक्स म्हणतात. ओळखायचं कसं? रचणाऱ्याला ही वाक्यं त्याच्या भाषेत करायला सांगा:

तो पोळी खातो. तो आंबा खातो.
त्याने पोळी खाल्ली. त्याने आंबा खाल्ला.

मराठीत अशा वाक्यांत वर्तमानकाळात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, भूतकाळात कर्माप्रमाणे. त्याच्या भाषेतही नेमकं इथेच वळण आलं, तर विचारा: 'हे का ठेवलंत?' कारण सांगितलं तर उत्तम, जॉर्जियनसारख्या भाषांतही काळानुसार अशी फिरवाफिरव आहे. 'असंच असतं ना?' असं उत्तर आलं, तर समजा की त्याने ठरवलेलं काहीच नाही, मराठी आपसूक आत आलीय.

दुसरी चाचणी 'ला'ची. 'मला भूक लागली', 'बेलापूरला गेली', 'मुलाला उचललं', 'पाचला ये' या चारही ठिकाणी त्याने एकच प्रत्यय लावला असेल तर तिथेच पकडा. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेदही असाच नकळत उतरतो. तो इंग्रजीत नाही, हिंदीत नाही, आपल्याला मात्र दिसतच नाही, कारण अंगवळणी पडलाय.

म्हणून मांडणाऱ्याकडून आधी एक पान मागवा. दहा वाक्यं, प्रत्येकी तीन ओळी: पहिलीत मूळ वाक्य तुकडे पाडून, दुसरीत त्या त्या तुकड्याखाली अर्थ किंवा प्रत्ययाचं काम, तिसरीत मराठी. नुसती शब्दांची यादी परत पाठवा. चारशे शब्द आणि एकही वाक्य नाही, असंच बहुतेक येतं.

घणसोली_गल्ली
लिप्यांबद्दल. नव्याने रचलेली लिपी कट्ट्याचाच विषय, मोडी नाही. मोडीचे वर्ग वेगळे भरतात. पण मोडीची लपेटी बघून स्वतःच्या लिपीत अक्षरं कशी जोडावीत, असं कुणी विचारलं तर घ्या.

एक तांत्रिक गोष्ट. स्वतःची लिपी युनिकोडच्या (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) खाजगी वापराच्या जागेत बसवतात (ई००० ते एफ८एफएफ, ६४०० जागा). फॉन्ट फक्त रचणाऱ्याच्या फोनवर असतो, बाकीच्यांना रिकामे चौकोन दिसतात. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ किंवा सरळ चित्र पाठवायला सांगा. 'स्टार ट्रेक'मधल्या क्लिंगॉन भाषेच्या लिपीलाही युनिकोडने २००१ मध्ये नकारच दिला, तेव्हा अधिकृत जागेची वाट बघू नका.

पारसिक_टेकडी
मग सावरकरांचे प्रतिशब्द? त्यावर आग्रह फार आहे.

कळवा_पूर्व
'महापौर', 'दिनांक' हे शब्द नवे, पण 'महापौरांनी' म्हणताना सामान्यरूप आणि आदरार्थी अनेकवचन आपलंच. ती मराठीची शब्दघडण झाली. शुद्ध की अशुद्ध हा वाद नको. मात्र थोड्या मुळांतून पुष्कळ शब्द कसे काढायचे, असा विषय असेल तर चालेल. एस्पेरांतोत 'बोना' म्हणजे चांगला, 'मालबोना' म्हणजे वाईट. एका 'माल'ने निम्मे विरुद्धार्थी शब्द वाचले. शेजारी 'अ', 'बिन', 'गैर' ठेवा आणि तिन्ही कुठे कुठे अडतात ते बघा.

पारसिक_टेकडी
ठीक. या रविवारी स्वतः रचलेली भाषा, पान गुरुवारपर्यंत मागवतो. 'च'ची भाषा पहिल्या दहा मिनिटांत. जगभाषावाल्यांना कट्टा संपल्यावर चहाच्या टपरीवर बोलवतो.

सेक्टर_सतरा
टपरीवर मी नाही.