संगणकावरील परीक्षा : पेपरची काठिण्यपातळी आणि प्रणालीतील अडचण वेगळी कशी मोजावी?

नमस्कार. पदवीच्या प्रथम वर्षाचे विद्यार्थी ज्या प्रणालीवर बहुपर्यायी सराव चाचण्या देतात, तिच्या वापरसुलभतेचे मूल्यमापन हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे. पद्धतीच्या बाबतीत एका ठिकाणी अडलो आहे. परीक्षा-संशोधन किंवा वापरकर्ता-चाचण्यांचा अनुभव असलेल्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

आयएसओ ९२४१-११ हे मानक वापरसुलभता परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान या तीन अंगांनी पाहते. तिकीट काढण्याच्या संकेतस्थळावर काम लवकर आटोपले तर ते प्रणालीच्या बाजूने धरता येते. पेपर लवकर आटोपला, तर मात्र विद्यार्थ्याने अंदाजपंचे पर्याय निवडले असण्याचीही शक्यता उरते. आणि उत्तर चुकले, तर ते विषय न आल्यामुळे चुकले की पडद्यावर गोंधळ झाल्यामुळे, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही.

समाधानासाठी मी जॉन ब्रूक यांची १९८६ मधील सिस्टम युझबिलिटी स्केल ही प्रश्नावली वापरली. तिच्यात दहा विधाने आणि प्रत्येकासाठी सहमतीच्या पाच पातळ्या आहेत. विषम क्रमांकांच्या प्रतिसादातून १ वजा करायचा, सम क्रमांकांचा प्रतिसाद ५ मधून वजा करायचा आणि एकूण बेरजेला २.५ ने गुणायचे. (येणारा आकडा शंभरपैकी असला तरी ती टक्केवारी नव्हे, हे मार्गदर्शकांनाही समजावून सांगावे लागले.) सर्वसाधारण सरासरी ६८ च्या आसपास मानली जाते. ज्या तुकडीला पेपर सोपा गेला तिचा गुणांक याच्या बराच वर आला आणि ज्या तुकडीला अवघड गेला तिचा खाली, वास्तविक पाहता संगणक तेच होते आणि प्रणालीही तीच. त्यामुळे ही प्रश्नावली पेपर संपताच भरून घेतली, तर विद्यार्थी प्रणालीचे नव्हे, पेपरचेच मूल्यमापन करतात, अशी माझी शंका बळावली आहे.

प्रत्यक्ष निरीक्षणात जे दिसले, ते या आकड्यांत कुठेच नाही. एका विद्यार्थिनीने पर्याय निवडला, पण ‘जतन करा व पुढे जा’ हे बटण न दाबता उजवीकडच्या प्रश्नक्रमांकांच्या चौकटीतून थेट पुढच्या प्रश्नावर उडी मारली. उत्तर जतन झाले नाही आणि प्रणालीने सूचनाही दिली नाही. चौकटीतला क्रमांक तेवढा लाल राहिला. तिच्या शेजारच्याने ‘पुनरावलोकनासाठी खूण’ केलेली उत्तरे धरली जाणार नाहीत असे समजून शेवटच्या काही मिनिटांत प्रत्येक प्रश्न पुन्हा उघडला. या दोघांनीही प्रणाली ‘वापरायला सोपी’ असल्याचेच नोंदवले आहे!

यावर मी असा आराखडा केला आहे. विद्यार्थ्यांना त्यांच्या पातळीच्या बरेच खालचे प्रश्न द्यायचे, म्हणजे विषयाची अडचण जवळजवळ उरणार नाही. आणि उत्तर बदलणे, निवड रद्द करणे, खूण करून परत येणे, लांब उतारा वाचत त्यावरचा प्रश्न सोडवणे अशी कामे करायला सांगायची. मनात येईल ते बोलत बोलत काम करण्याची पद्धत वेळेच्या बंधनात विचारांची गती बदलते, म्हणून पडद्याचे चित्रण करून नंतर ते दाखवत विचारायचे. याखेरीज एकाच काठिण्याचे दोन संच करून निम्म्यांना आधी कागदावर आणि निम्म्यांना आधी संगणकावर द्यायचे, असाही विचार आहे.

माझी मुख्य अडचण लॉगची, म्हणजे प्रणाली आपोआप ठेवते त्या नोंदींची आहे. उत्तर बदलल्याची नोंद वेळेसह मिळते, पण तो बदल फेरविचारातून झाला की चुकीच्या क्लिकमुळे, हे ठरवण्याचा सर्वमान्य निकष मला सापडलेला नाही. दोन-तीन सेकंदांत झालेले बदल चुकीच्या क्लिकचे मानणे कितपत ग्राह्य ठरेल? प्रश्नावली खऱ्या चाचणीऐवजी या सोप्या सत्रानंतर भरून घेतली, तर परीक्षेचा ताण गळून गेल्याने निष्कर्ष उलट्या बाजूला झुकतील का? आणि पाच जणांत बहुतेक दोष सापडतात हा वापरसुलभता-तज्ज्ञ जेकब निल्सन यांचा आडाखा, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली) वापरणारे विद्यार्थी हा वेगळा गट धरल्यास, त्यांच्यासाठी स्वतंत्रपणे लावावा का?

कुणी असे लॉग हाताळले असतील, तर कोणत्या बदलांना दोष मानले आणि ते परीक्षकांना कसे पटवले, हे कृपया सविस्तर लिहावे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेला लॉगचा नमुना मी इथेच देऊ शकेन.