मदत हवी आहे : उपग्रह प्रतिमांत पानगळ आणि कोरडेपणा वेगळे कसे ओळखावेत?

नमस्कार. बोरिवली-गोरेगाव परिसरातील जमीन ऑक्टोबर ते मे या काळात कशी सुकत जाते, हे मी सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा घेऊन क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत पाहत आहे. त्यासाठी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील पानगळीचे जंगल, आरेतील गवताळ माळ आणि गोराई खाडीकाठची खारफुटी असे तीन तुकडे निवडले आहेत. हिरवेपणासाठी प्रकाशाच्या तांबड्या व निकट-अवरक्त पट्ट्यांवरून एनडीव्हीआय हा निर्देशांक काढतो, तर पानांतील ओलाव्यासाठी निकट-अवरक्त व लघुतरंग-अवरक्त पट्ट्यांवरून एनडीएमआय.

गवताबद्दल तक्रार नाही. पाऊस गेला की ते पिवळे पडते आणि दोन्ही आकडे सोबतच उतरतात. अडचण जंगलाची आहे. मार्चपर्यंत सागाची पाने झडून गेलेली असतात, त्यामुळे एनडीएमआय घसरला तो जमीन कोरडी झाल्याने, की ओलावा मोजायला पानेच उरली नाहीत म्हणून, हे कळायला मार्ग राहत नाही. नकाशावर मात्र जंगल आणि सुकलेला माळ एकाच तपकिरी रंगात उमटतात, आणि ते मला पटत नाही.

खारफुटीचे दुखणे निराळे आहे. ती बारमाही हिरवी असूनही जवळपासच्या तारखांच्या दोन प्रतिमांत तिचा ओलावा बराच वेगळा आला. उपग्रह मुंबईवरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. पौर्णिमा-अमावास्येला तेव्हा भरती चढत आलेली असते, अष्टमीला साधारण ओहोटी असते; मुळाशी पाणी असले की ते लघुतरंग-अवरक्त किरण शोषून घेते आणि एनडीएमआय फुगतो. शिवाय या पट्ट्यात प्रतिमेचा एक ठिपका २० मीटरचा असल्याने खारफुटीच्या अरुंद रांगांत चिखल आणि पाणी मिसळतेच. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची कोळी मंडळींची रीत मला प्रतिमा निवडताना अशी उपयोगी पडेल, असे वाटले नव्हते.

त्यामुळे तिन्ही तुकड्यांची आपसांत तुलना न करता प्रत्येकाची त्याच्याच मागील वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी करावी, असा माझा कल आहे. २५ जानेवारी २०२२ पासूनच्या प्रतिमांत प्रक्रिया करतानाच प्रत्येक ठिपक्याच्या मूल्यात मिळवलेले १००० अंक मी वजा केले आहेत, तेव्हा चूक तिथे नसावी. परंतु खारफुटीसाठी तिथीही जुळवायची म्हटली, तर पाच दिवसांच्या फेरीत हाती फारच थोड्या प्रतिमा उरतात.

जाणकारांना दोन प्रश्न आहेत. जंगलाचा कोरडेपणा पानगळीआधीच्या, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरच्या प्रतिमांवरूनच ठरवावा, की लँडसॅट उपग्रहांच्या औष्णिक (जमिनीची उष्णता टिपणाऱ्या) पट्ट्याची जोड द्यावी? आणि खारफुटीसाठी केवळ ओहोटीच्या प्रतिमा ठेवल्या, तर उघड्या चिखलाचा परिणाम कसा वगळावा?