मदत हवी आहे : कोल्हापुरात टीप कुणाला आणि किती?

लातूरचा_पाहुणा
शनिवारी आम्ही बारा जण येतोय. अंबाबाईचं दर्शन, मग मटण थाळी, रात्री लॉज. रविवारी भाड्याच्या गाडीनं जोतिबा-पन्हाळा. टीप कुठं, किती द्यायची? बिलात सर्व्हिस चार्ज असला तर परत वेगळी द्यायची का?

गल्ल्यावरचा
आधी बिल वाचा. ५ टक्के जीएसटी हा कर, तो द्यायचाच. सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचनांनुसार तो आपोआप लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. शिवाय सर्व्हिस चार्जवरही जीएसटी बसतो. २००० च्या जेवणावर १० टक्के लावला की बिल २३१०, काढला की २१००. गल्ल्यावर सांगा, वाढप्याशी हुज्जत नको. बिल त्यानं केलेलं नसतं. ऐकलंच नाही तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवा. साध्या खानावळीत ही भानगड सहसा नसतेच.

पांढरा_रस्सा
थाळीत रस्सा वाढणारा एक, भाकरी आणणारा दुसरा, बिल आणणारा तिसरा. बडीशेपेच्या ताटलीत ठेवलेली नोट टेबल पुसणाऱ्याच्या हाती लागते, बाकीचे तसेच. म्हणून विचारा, "टीप एकत्र वाटता का?" डबा असला तर डब्यात, नसला तर ज्यानं वाट्या भरल्या त्याच्या हातात. बारा जणांत दीडशे-दोनशे भरपूर झाले. क्यूआरवर बिलापेक्षा जास्त पाठवू नका, ते मालकाच्या खात्यात जातं आणि पोराला मागत बसावं लागतं. पन्नासच्या नोटा सुट्ट्या ठेवा. दोनचं नाणं ठेवण्यापेक्षा काही न ठेवलेलं बरं, भावा.

लातूरचा_पाहुणा
आणि ड्रायव्हर, लॉज?

गल्ल्यावरचा
टोल, पार्किंग, ड्रायव्हर भत्ता भाड्यात धरलाय का, हे गाडी ठरवतानाच मेसेजवर लिहून घ्या. भत्ता म्हणजे टीप नव्हे. टीप दिवसाचे दोनशे, गाडी सोडताना, त्याच्याच हातात. त्याचं जेवण कुणाच्या हिशोबात तेही आधीच बोला, नाहीतर तो स्वतःला सोयीच्या हॉटेलवर गाडी थांबवणार.
लॉजवर सामान वर नेणाऱ्याला तेव्हाच वीस-तीस. खोली झाडणाऱ्या मावशींना निघताना, समोर देऊन. उशीखाली ठेवलेली नोट विसरलेली समजून काउंटरवर जमा होते.